आधी जमीन, मग फरशी

नाशिकच्या वडाळा गावातील आमच्या घराचा कोबा दोन पावसाळ्यांतच तडकला. उचललेल्या कडेला ठेच लागून अम्मी पडल्या आणि महिनाभर अंथरुणावर होत्या. वरून सिमेंट फासून घ्यावे, असे आम्ही ठरवले होते. पण एका वयस्कर गवंडीचाचांनी कोपरा उकरून दाखवला. खाली काळी माती होती. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरचा कोबा मग टिकणार कसा?

आम्ही ती माती काढली. सहा-सहा इंचांच्या थरांत मुरूम भरला आणि पाणी मारून प्रत्येक थराची धुम्मस केली. त्यावर दगडी सोलिंग, ओल अडवायला जाड प्लास्टिक आणि वर चार इंच काँक्रीट : सिमेंट 1, वाळू 2, खडी 4. मोरीकडे उतार ठेवला.

पुढचे काम फक्त सबुरीचे. सिमेंट वाळून नव्हे, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. म्हणून किमान 7 दिवस कोबा ओला हवा. पहिल्या वेळी तर आम्ही दुसऱ्याच दिवशी कपाट आत आणले होते!

टाइल्सचा रंग सगळेच विचारतात. तुम्ही आधी विचारा, खाली काय भरले आहे?