पेशींमधले बदल पुन्हा दिसले, तर...

गर्भाशयमुखाच्या तपासणीत ‘पेशींमध्ये बदल’ असा शेरा आला की अनेकींच्या पोटात गोळा येतो. उपचार होऊन वर्ष बरे गेले आणि पुढच्या तपासणीत तोच शेरा पुन्हा आला, तर धीरच सुटतो. मग घरीदारी एकच सल्ला मिळतो, ‘पिशवी काढून टाक, कटकट मिटेल!’ पण हा शेरा म्हणजे कर्करोग नव्हे आणि पिशवी काढणे हा त्यावरचा पहिला उपायही नव्हे.

या बदलांमागे बहुतेक वेळा ह्युमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही असतो. शरीरसंबंधातून पसरणारा हा विषाणू बहुतेक स्त्री-पुरुषांच्या शरीरात कधी ना कधी शिरतो. सहसा वर्ष-दोन वर्षांत प्रतिकारशक्ती त्याला आवरते. काही जणींमध्ये मात्र तो टिकून राहतो. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे त्याचे १६ आणि १८ हे दोन प्रकार असतात. मात्र बदलांपासून कर्करोगापर्यंतचा प्रवास बहुधा अनेक वर्षांचा असतो. उपचाराची संधी असते ती याच काळात.

पुन्हा का होते?

बदललेल्या पेशींचा थोडा भाग उपचारानंतर मागे राहू शकतो किंवा विषाणू शरीरात तग धरून असतो. धूम्रपान, एचआयव्हीची लागण, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे यांमुळे हा धोका वाढतो. विषाणू वर्षानुवर्षे सुप्त राहू शकत असल्याने तो कधी आणि कोणाकडून आला, हे सांगता येत नाही. त्यामुळे या रिपोर्टवरून नवऱ्यावर वा बायकोवर संशय घेण्यात अर्थ नाही.

उपचार कोणते?

शेरा पुन्हा आल्यावर बहुधा कॉल्पोस्कोपी केली जाते. गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून दुर्बिणीतून पाहतात. पांढरा पडलेला भाग संशयास्पद वाटला तर त्याचा छोटा तुकडा तपासायला पाठवतात. बदल सौम्य (सीआयएन १) असतील तर ते बहुतेकदा आपोआप ओसरतात. तेव्हा ठरल्या वेळी तपासणी करत राहणे, हाच योग्य मार्ग.

मध्यम वा तीव्र बदलांवर (सीआयएन २ आणि ३) सहसा उपचार करावे लागतात. कर्करोगाची शंका नसेल आणि बदललेला भाग पूर्ण दिसत असेल, तर तो गोठवून (क्रायो) किंवा उष्णतेने नष्ट करता येतो. ‘लीप’मध्ये विजेवर चालणाऱ्या तारेच्या फासाने तो भाग काढतात. जागा बधिर करून हे होते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जाते. काढलेला भाग तपासताही येतो. बदल आत, नलिकेत शिरले असतील तर शंकूच्या आकाराचा तुकडा काढावा लागतो. हे उपचार पुन्हाही करता येतात. मात्र जास्त खोल भाग काढल्यास पुढच्या गरोदरपणात मुदतपूर्व प्रसूतीचा धोका वाढतो. म्हणून मूल हवे असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

गर्भाशय काढण्याचा विचार त्यानंतरचा. कर्करोग नाही याची खात्री झाली, पुन्हा भाग काढणे शक्य नसले आणि कुटुंब पूर्ण झाले असेल, तरच तो करावा. गरज नसताना पिशवी काढण्याचे परिणाम काय होतात, हे बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या प्रश्नाने २०१९ मध्ये राज्यासमोर आणले. शिवाय तीव्र बदल होऊन गेलेल्या स्त्रीला पिशवी काढल्यावरही योनिमार्गाची तपासणी करत राहावी लागते.

तपासणी सोडू नका

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वर्षांच्या महिलांची दर पाच वर्षांनी तपासणी होते. उपचार झालेल्यांना एवढे अंतर चालत नाही. पहिली तपासणी साधारण सहा महिन्यांनी, मग काही वर्षे दरवर्षी आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दीर्घकाळ करावी. एचपीव्ही चाचणीचे मोल महाराष्ट्रातच दिसले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच ही चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते.

उपचारानंतर काही आठवडे पाणी जाणे स्वाभाविक आहे. ताप, दुर्गंधी स्राव किंवा जास्त रक्तस्राव झाल्यास लगेच रुग्णालयात जावे. साधारण महिनाभर शरीरसंबंध टाळावेत, तंबाखू कायमची सोडावी. सगळे रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये ठेवावेत. डॉक्टर बदलला तरी पुढचा निर्णय त्यावरच ठरतो.