पुनर्बांधणीनंतर बंद पडलेले इंजिन : पुरावा, दायित्व आणि ग्राहकाचा मार्ग

बीजसंज्ञा : इंजिनची पुनर्बांधणी, सेवेतील त्रुटी, पुराव्याचे जतन, ग्राहक संरक्षण.

प्रस्तावना :

पुणे हे दुचाकींचे शहर म्हणून ओळखले जाते. नाना पेठेतील सुट्या भागांची बाजारपेठ आणि पेठोपेठी विखुरलेली गॅरेजे यांच्या आधारावर येथील असंख्य वाहनांचे आयुष्य वाढविले जाते. 'इंजिन बांधून घेणे' ही या दुरुस्त्यांपैकी सर्वांत खर्चिक दुरुस्ती होय. मात्र बांधलेले इंजिन थोड्याच दिवसांत जाम झाले, तर मालक गाडी पुन्हा त्याच गॅरेजमध्ये नेतो. मिस्त्री इंजिन उघडतो आणि 'ऑइल कमी होते' किंवा 'गाडी ताणली' असे निदान करतो. इंजिन उघडले गेले त्याच क्षणी मालकाजवळचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा हातचा गेलेला असतो. या प्रसंगी मालकाने कोणत्या क्रमाने पावले उचलावीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बिघाडाची कारणमीमांसा :

पुनर्बांधणीत झिजलेला सिलिंडर लेथवर बोअर करून त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसविला जातो. ही मापे सामान्यतः ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी वाढतात. पिस्टन व सिलिंडर यांच्यातील फट मात्र मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी लागते. ती कमी राहिल्यास तापलेला पिस्टन प्रसरण पावून सिलिंडरला घासतो व अडकतो. बोअरिंग-होनिंगनंतर उरलेला कीस धुतला गेला नाही, तर तो तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत पोहोचतो. तेलाचा मार्ग तुंबलेला असेल किंवा कनेक्टिंग रॉडचे बोल्ट योग्य ताणाने आवळलेले नसतील, तरीही परिणाम तोच होतो.

ही कारणे आपापल्या खुणा मागे ठेवतात. बेअरिंगच्या मऊ धातूत रुतलेले कण अस्वच्छ जोडणीकडे निर्देश करतात. काळेनिळे पडलेले बेअरिंग तेलाचा अभाव सुचविते. पिस्टनवर सभोवार उठलेले उभे ओरखडे अपुऱ्या फटीचे किंवा अतितापाचे लक्षण असू शकतात. तथापि मालकाने खरोखरच तेलाकडे दुर्लक्ष केले असेल, तर तेही याच खुणांतून उघड होते. म्हणूनच निदान तटस्थ असणे आवश्यक आहे.

पुराव्याचे जतन :

इंजिनमधून खडखडाट ऐकू येताच किंवा तेलदाबाचा दिवा लागताच गाडी बंद करावी आणि पुन्हा सुरू करून पाहू नये. किलोमीटरची नोंद, तेलाची पातळी आणि गाडीची स्थिती यांची छायाचित्रे घ्यावीत. गॅरेजला लेखी सूचना देऊन, उभय पक्षांच्या उपस्थितीत तटस्थ अभियंत्याकडून इंजिन उघडून घ्यावे. तेलाचा नमुना व फिल्टर जपून ठेवावेत. बदललेले जुने भाग मूळ दुरुस्तीच्या वेळीच मागून घेणे श्रेयस्कर ठरते. नेहमीच्या वाहन विम्यात यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. त्यामुळे भरपाईसाठी विमा कंपनीकडे पाहण्यात अर्थ नाही.

कायदेशीर स्थिती :

दुरुस्तीसाठी दिलेली गाडी हा भारतीय करार कायदा, १८७२ नुसार निक्षेप ठरतो. कलम १५१ प्रमाणे गॅरेजने तिची वाजवी काळजी घेणे बंधनकारक आहे. दुसरीकडे, कलम १७० प्रमाणे केलेल्या कामाचा योग्य मोबदला मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्कही गॅरेजला मिळतो. त्यामुळे बिलाबाबत वाद असल्यास 'हक्क राखून रक्कम देत आहे' असे लिहून गाडी सोडवून घेणे व्यवहार्य ठरते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार निकृष्ट पुनर्बांधणी ही 'सेवेतील त्रुटी' ठरू शकते. ग्राहकाला बिल न देणे ही याच अधिनियमाखाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. या अधिनियमात वस्तुदायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे व त्यात दुरुस्ती करणाऱ्याचाही समावेश होतो. परंतु त्यातील 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचे नुकसान वगळलेले आहे. म्हणून इंजिनच्या खर्चासाठी त्रुटीच्याच आधारे तक्रार करावी. इंजिन एकाएकी अडकून अपघात झाला व इजा पोहोचली, तर मात्र वस्तुदायित्वाचा विचार करता येतो.

तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यास शुल्क नाही. बसविलेला सुटा भागच सदोष असल्याचा दावा असेल, तर आयोग तो तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. निकालाची मुदत तीन महिने, व अशी चाचणी आवश्यक असल्यास पाच महिने, अशी आहे. प्रत्यक्षात विलंब होतो हे खरे. त्यामुळे प्रथम लेखी नोटीस द्यावी आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीद्वारे तडजोडीचा प्रयत्न करावा.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सिद्धतेच्या भाराचा आहे. सेवेतील त्रुटी सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावरच असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये के.एल.एम. विमान कंपनीसंबंधीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. इंजिन बंद पडले एवढ्याने गॅरेजचा दोष सिद्ध होत नाही. तो का बंद पडला, हे दाखवावे लागते.

समारोप :

पुण्यातच १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली. ग्राहकाने जागरूक असावे हा त्या चळवळीचा आग्रह होता. गॅरेजच्या व्यवहारात ही जागरूकता बिघाडानंतर नव्हे, तर काम देतानाच दाखवावी लागते. बोअरचे माप, सुट्या भागांची नावे, हमीची मुदत आणि पहिल्या ऑइल बदलाचे अंतर एवढे चार तपशील बिलावर लिहून घेतले, तर पुढील बहुतेक वाद उद्भवणारच नाहीत. कुशल व प्रामाणिक मिस्त्रीलाही या कागदाचे भय नाही. मालकाच्या हलगर्जीपणाचा ठपका त्याच्यावर येऊ लागला, तर तोच कागद त्याचे संरक्षण करील.