युद्धक्षेत्रातील ओलीसप्रकरणे व शासकीय समन्वय : इराक २०१४ च्या संदर्भात

परराष्ट्र व्यवहार हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार संघसूचीतील विषय आहे. जिल्हा प्रशासन मात्र राज्य शासनाच्या अखत्यारीत येते. त्यामुळे परदेशी युद्धक्षेत्रात एखादा कामगार ओलीस धरला गेल्यास सुटकेचे प्रयत्न दिल्लीतून होतात, तर त्याचे कुटुंब देगलूर वा उदगीरच्या तहसील कार्यालयात विचारणा करीत असते. ही दोन टोके जोडणे म्हणजेच समन्वय होय.

जून २०१४ मध्ये 'इसिस'ने मोसूल व तिक्रीत ताब्यात घेतल्यावर या समन्वयाची कसोटी लागली. तिक्रीतमध्ये अडकलेल्या ४६ परिचारिकांशी दूरध्वनीवरून संपर्क टिकून होता. बगदादमधील भारतीय दूतावास, परराष्ट्र मंत्रालय व केरळ शासन परस्परांच्या संपर्कात राहिले आणि ५ जुलै रोजी परिचारिका विशेष विमानाने कोची येथे परतल्या. मोसूलमध्ये अपहरण झालेल्या ४० कामगारांपैकी एक निसटला व इतरांची हत्या झाल्याचे त्याने सांगितले. पुराव्याविना मृत्यू घोषित न करण्याची केंद्राची भूमिका होती. पुढे सामूहिक दफनस्थळी सापडलेल्या अवशेषांची नातेवाइकांच्या डीएनए नमुन्यांशी तुलना झाली आणि २० मार्च २०१८ रोजी ३९ जणांच्या मृत्यूची माहिती संसदेत देण्यात आली. तोवर कुटुंबे आशेवर होती.

सावधगिरी आवश्यक असली, तरी कुटुंबाला 'काय ज्ञात आहे व काय नाही' हे नियमितपणे कळविणे हाही समन्वयाचाच भाग ठरतो. त्यासाठी नांदेड, लातूरसारख्या जिल्ह्यांत जिल्हाधिकारी कार्यालयात निश्चित संपर्क अधिकारी असणे आणि परदेशी जाणाऱ्या कामगारांची नोंद अद्ययावत असणे अगत्याचे आहे.