जुन्या मोटारीचे नवे वायरिंग

ओहमचा नियम शिकवताना आपण फळ्यावर एक विद्युतघट काढतो, एक रोध काढतो आणि दोन्ही सरळ रेघांनी जोडतो. त्या रेघांना काही रोध नाही असे गृहीत धरतो, मुलेही ते मुकाट्याने मान्य करतात, आणि गणिते सुटतात. प्रत्यक्षात त्या रेघा म्हणजे तारा असतात. त्यांना लांबी आणि जाडी असते, त्या तापतात, त्यांची टोके गंजतात, उंदीर त्या कुरतडतात. या लेखात आपण दिवा आणि घट बाजूला ठेवून या रेघांकडेच पाहणार आहोत. त्यासाठी जुन्या मोटारीइतके सोयीचे उदाहरण नाही, कारण तिथे विभवांतर अवघे १२ व्होल्ट असते, प्रवाह मात्र घरातल्या पंख्या-दिव्यांच्या कितीतरी पट असतो.

मोटारीतल्या सगळ्या तारा एकत्र बांधून केलेल्या जुडग्याला हार्नेस म्हणतात. घोड्याच्या साजालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. इंग्लंडमध्ये याच जुडग्याला लूम, म्हणजे माग, असेही नाव आहे. दोन्ही नावे समर्पक आहेत. बॅटरीपासून निघालेला हा जुडगा डॅशबोर्डमागून, दरवाज्यांच्या कडेने, थेट मागच्या लाल दिव्यांपर्यंत जातो आणि वाटेत जागोजागी त्याला फांद्या फुटतात. मूळ कारखान्याने बनवलेला हार्नेस आता मिळत नाही. पण जुन्या नकाशांवरून तसेच हार्नेस तयार करून विकणारे व्यावसायिक परदेशांत आहेत. आमच्या एका स्नेह्यांनी आपल्या १९५५ सालच्या मॉरिस मायनरसाठी असा एक हार्नेस मागवला, आणि तो बसवताना मोजमापे घेण्याची संधी आम्हांला मिळाली.

मॉरिस मायनर ही अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली छोटी ब्रिटिश गाडी. १९४८ ते १९७१ या काळात ती सुमारे सोळा लाख बनली. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांप्रमाणे हिचीही विजेची सामग्री लुकास कंपनीची. या कंपनीच्या सामग्रीवर मोटारशौकिनांनी रचलेले विनोद पुष्कळ आहेत, पण तिची रंगसंगती मात्र शिस्तीची आहे. बॅटरीकडून थेट येणारी तार तपकिरी. किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी पांढरी. तीच फ्यूजमधून पुढे गेली की हिरवी. पुढच्या मोठ्या दिव्यांची निळी, त्यातही लांब झोताची निळ्यावर पांढरी रेघ असलेली आणि खालच्या झोताची निळ्यावर लाल रेघ असलेली. छोट्या दिव्यांची लाल, आणि अर्थची काळी. रंग एकदा पाठ झाले की तीस-चाळीस तारांचा गुंता वाक्यासारखा वाचता येतो.

परतीच्या तारा मात्र जवळजवळ नसतातच. दिव्यातून गेलेला प्रवाह गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परततो. या गाडीत तर बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले आहे. आजच्या गाड्यांत ऋण टोक जोडतात. दिव्याला याने काहीच फरक पडत नाही, आणि हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे. डायोड असलेल्या वस्तूंना, उदाहरणार्थ आल्टरनेटरला, मात्र नक्कीच पडतो. आम्ही गाडीचा मूळ डायनमो तसाच ठेवला, म्हणून टोके बदलण्याची गरज पडली नाही.

जुना हार्नेस काढण्यापूर्वी आम्ही एक मोजमाप केले. मोठे दिवे लावून बॅटरीच्या टोकांवरचे विभवांतर पाहिले: १२.३ व्होल्ट. मग तेच दिव्याच्या टोकांवर पाहिले: १०.४ व्होल्ट. म्हणजे १.९ व्होल्ट वाटेत गळले होते. कुठे गळले, ते शोधायला मल्टिमीटरची एक तार मार्गाच्या एका टप्प्याच्या सुरुवातीला आणि दुसरी शेवटी धरायची, बस्स. डॅशबोर्डवरच्या स्विचमध्ये ०.४ व्होल्ट, पायाने दाबायच्या डिपर स्विचमध्ये ०.३, तारांमध्ये मिळून ०.७, आणि दिव्याच्या डब्यापासून पत्र्यापर्यंतच्या एका गंजलेल्या बोल्टमध्ये ०.५. बेरीज बरोबर १.९. फळ्यावरच्या बिनरोधी रेघेचा हा हिशोब.

दोन व्होल्ट म्हणजे फार नव्हे, असे कुणाला वाटेल. पण टंगस्टनच्या दिव्याचा प्रकाश विभवांतराच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. तंतू थोडा थंड झाला की त्याची एकूण ऊर्जा तर घटतेच, शिवाय उरलेल्या ऊर्जेतला दृश्य प्रकाशाचा वाटाही घटून अवरक्त किरणांचा वाढतो. १०.४ भागिले १२.३ म्हणजे ०.८४६, याचा ३.४ वा घात सुमारे ०.५६. विभवांतर पंधरा टक्क्यांनी कमी झाले आणि प्रकाश चव्वेचाळीस टक्क्यांनी. स्नेह्यांची तक्रार होती की रात्री घाटात दिसत नाही. यावर उपाय म्हणून त्यांनी आधीच एका गॅरेजमधून ६० वॅटचे हॅलोजन दिवे बसवून घेतले होते. मूळचे दिवे ४२ वॅटचे होते. म्हणजे लांब झोतासाठी दोन दिव्यांचा मिळून प्रवाह ७ अँपिअरवरून १० अँपिअरवर गेला, आणि तारांत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे दुप्पट झाली. रोग तारांत आणि औषध दिव्याला, असा हा प्रकार होता.

आता जुडगा टेबलावर पसरून पाहू. त्या काळच्या तारांवर रबर आणि त्यावर सुती वेष्टण असे. हवेतल्या ऑक्सिजनमुळे रबराचे लांब रेणू वर्षानुवर्षे बदलत जातात. लवचीकपणा जातो, कडकपणा येतो. इंजिनाजवळचा भाग वाकवताच रबराच्या कपच्या गळून तांबे उघडे पडले. दोन ठिकाणी उंदरांचे दात उमटले होते. मधूनमधून कुणीकुणी जोडलेल्या नव्या प्लॅस्टिकच्या तारा होत्या, अर्थात मिळेल त्या रंगाच्या.

उघडी तार पत्र्याला टेकली तर काय होईल? याचे गणित दहावीच्या सूत्रांनी करता येते. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम. दीड मीटर तारेचा ०.०२६ ओहम. बॅटरीचा स्वतःचा अंतर्गत रोध ०.०२ ओहम धरू. प्रवाह १२ भागिले ०.०४६, म्हणजे सुमारे २६० अँपिअर. त्या तारेत दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, सुमारे १७५० ज्यूल. आता तारेत तांबे किती? दीड घन सेंटिमीटर, म्हणजे १३.४ ग्रॅम. तांब्याची विशिष्ट उष्णता ग्रॅमला ०.३८५ ज्यूल, म्हणून सगळी तार एक अंशाने तापवायला ५.२ ज्यूल पुरतात. १७५० ला ५.२ ने भागा. तापमान दर सेकंदाला तीनशे अंशांहून अधिक वेगाने चढेल. माणसाने बॉनेट उघडून बॅटरी सोडवेपर्यंत वेष्टण पेटलेले असते, आणि शेजारच्या तारांचेही. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून ही वीज निरुपद्रवी समजणाऱ्यांना हे गणित जरूर सोडवायला द्यावे.

फ्यूज यासाठी असतो. फ्यूज दिव्याचे रक्षण करतो असे मुले सर्रास लिहितात, काही पुस्तकेही तसे सुचवतात. दिवा तर बहुधा स्वतःच जळून मार्ग तोडतो. फ्यूज रक्षण करतो तारेचे. म्हणून त्याचा आकडा तारेच्या जाडीवरून ठरवायचा, दिव्यावरून नव्हे. ब्रिटिश मोटारींच्या कोष्टकांत ०.३० मिलिमीटर व्यासाचे १४ धागे असलेली तार ८.७५ अँपिअरसाठी, २८ धाग्यांची १७.५ अँपिअरसाठी आणि ४४ धाग्यांची २७.५ अँपिअरसाठी धरतात. फ्यूज याहून मोठा असता कामा नये.

जुन्या लुकास पद्धतीत मात्र दोनच फ्यूज असत, आणि मोठ्या दिव्यांच्या मार्गावर एकही नसे! त्यामागचा विचार असा की फ्यूज उडून रात्री भर वेगात एकदम अंधार होण्यापेक्षा तार तापलेली परवडली. शिवाय त्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर असे लिहिलेले असे, पण हा आकडा फ्यूज वितळण्याचा होता. सतत वाहून नेण्याची त्याची क्षमता त्याच्या निम्मीच. आज बाजारात मिळणाऱ्या फ्यूजवर सतत वाहून नेण्याचा आकडा असतो. जुना ३५ चा गेला म्हणून नवा ३५ चा घातला तर १७.५ अँपिअरच्या तारेचे रक्षण होणारच नाही. दुकानदाराचा यात दोष नाही. आकडा तोच, त्याचा अर्थ बदलला आहे.

नवा हार्नेस दिसायला जुन्यासारखाच आहे, वर सुती विणही आहे, आत मात्र प्लॅस्टिकचे वेष्टण. तो बसवताना सर्वांत आधी बॅटरीचे पत्र्याला जोडलेले टोक सोडवले. हे टोक आधी का? दुसरे टोक आधी सोडवताना पाना चुकून पत्र्याला लागला तर वरच्या गणितातला प्रवाह पान्यातून जातो. पत्र्याचे टोक सुटलेले असले की मार्गच पूर्ण होत नाही. मग जुन्या जुडग्याच्या प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधली, मागच्या टोकाला सुतळी बांधून तो पुढे ओढून घेतला, आणि त्याच सुतळीने नवा आत खेचला. पायजम्यात नाडी ओवण्याचीच ही युक्ती. पत्र्याच्या प्रत्येक भोकात नवे रबरी कडे घातले, कारण कंपनांमुळे पत्र्याची कड तारेला करवतीसारखी कापत असते. टोके डाग न देता दाबून बसवली. डाग दिला की कथील धाग्यांमध्ये चढते, तेवढा भाग ताठ होतो, आणि तो जिथे संपतो तिथे कंपनांनी धागे तुटू लागतात.

मोठ्या दिव्यांसाठी आम्ही दोन रिले घातले, एक लांब झोताला आणि एक खालच्या. रिलेच्या वेटोळ्याला ०.१४ अँपिअर पुरतात. जुन्या स्विचमधून आता एवढाच प्रवाह जातो. दिव्यांचा १० अँपिअर बॅटरीकडून जाड तारेने, दीड मीटरच्या जवळच्या वाटेने जातो. डाव्या आणि उजव्या दिव्याला साडेसात अँपिअरचे वेगवेगळे फ्यूज आहेत, म्हणजे एक उडाला तरी दुसरा जळत राहील. लुकासच्या अभियंत्यांची अंधाराची भीती अशी भागवता येते. गंजलेल्या बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला आणि दिव्यापासून एक स्वतंत्र काळी तार जोडली.

बॅटरी प्रथम जोडताना आम्ही ती सरळ जोडली नाही. घरच्या वायरमनकडे सिरीज दिवा असतो, तोच इथे वापरला: १२ व्होल्ट २१ वॅटचा दिवा बॅटरी आणि हार्नेस यांच्यामध्ये एकसरीत घातला. कुठे पत्र्याला तार टेकली असेल तर हा दिवा पूर्ण उजळतो आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या वर जातच नाही. सगळे स्विच बंद असताना दिवा विझलेला राहिला. मग एकेक स्विच चालू करून पाहिला. हॉर्नला दिवा उजळला, कारण हॉर्नचा रोध कमी. छोट्या दिव्यांना मंद लागला. मुलांना हे नुसते पाहूनही रोधांची तुलना करता येईल.

आता दिव्याच्या टोकांवर ११.९ व्होल्ट मिळतात, म्हणजे प्रकाश ८९ टक्के. मात्र हार्नेस वीज निर्माण करत नाही, हे स्नेह्यांना सांगावे लागले. डायनमो सुमारे २० अँपिअर देतो, तोही इंजिन वेगात असताना. मोठे दिवे १०, छोटे २, प्रज्वलनाला ४. सोळा तर इथेच झाले. रहदारीत खोळंबून उभे असताना सगळा भार बॅटरीवर येतो.

वर्गात मोटारीची बॅटरी आणू नये. दोन मोठे कोरडे घट पुरतात. ३६ गेजची दहा मीटर वाइंडिंग वायर घ्या, टोके खरवडा, आणि टॉर्चच्या दिव्याच्या मार्गात जोडा. या तारेचा रोध सहा ओहमच्या आसपास असतो. दिवा स्पष्ट मंदावतो. घटांवर, तारेवर आणि दिव्यावर विभवांतर मोजून मुलांना बेरीज करू द्या. फ्यूजसाठी स्टील वूलचा एकच बारीक धागा त्याच घटांना जोडा. तो लाल होऊन तुटतो. खाली फरशीचा तुकडा किंवा ताटली ठेवा, आणि दोन धागे पीळ देऊन जोडले तर काय होते तेही पाहा.