एक टेबल, तीन नियम

पाषाण मागे टाकून मुंबई–बेंगळुरू महामार्ग ओलांडला की सूस लागते. मुळशी हा भाताचा तालुका. त्यातील हे गाव जून २०२१ मध्ये इतर बावीस गावांसह पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. डोंगराच्या पायथ्याशी गृहसंकुले उभी राहिली आणि राज्यातून, राज्याबाहेरून आलेली कुटुंबे इथे स्थिरावली. रविवारी ही कुटुंबे सूस, पाषाण, बाणेरच्या पट्ट्यातील हॉटेलांत जेवायला जातात. जैन कुटुंबांसाठी तर ‘जैन मिळेल का?’ या प्रश्नाला आता कोणी दचकत नाही, अशी परिस्थिती आहे. पण गेल्या काही वर्षांत याच कुटुंबांत एक नवा प्रश्न आला आहे. घरातील मुलगा किंवा मुलगी दूध, दही, तूपही सोडते आणि मग एकाच टेबलावर तीन नियम बसतात. आजींचा कंदमुळांचा व सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम, आईवडिलांचा ‘जैन पनीर’वर समाधान मानणारा नियम आणि तरुण पिढीचा व्हीगन नियम. तिघांचीही मूळ प्रेरणा अहिंसाच आहे. तरीही मेन्यूकार्ड हाती आले की तिघांच्या बोटांखाली वेगवेगळे पदार्थ येतात.

शब्द जवळचे, अर्थ वेगळे

‘व्हीगन’ हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये जन्माला आला. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘व्हीगन सोसायटी’ स्थापन केली. मांस, मासे, अंडी यांच्याबरोबरच दूध, दुधाचे पदार्थ आणि मध यांचाही त्याग हे या आहाराचे सूत्र. कांदा, लसूण, बटाटा, गाजर यांना त्यात कोणतीही आडकाठी नाही.

जैन आहाराचे वर्तुळ निराळे आहे. त्यात कंदमुळे वर्ज्य, मात्र दूध-तूप परंपरेने ग्राह्य. मधाच्या बाबतीत दोन्ही वर्तुळे एकमेकांना मिळतात. मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग श्रावकाच्या मूलगुणांत शतकानुशतके सांगितलेला आहे. म्हणजे बटाटावडा व्हीगन असू शकतो, पण जैन नव्हे. आणि पनीर टिक्का जैन असू शकतो, पण व्हीगन नव्हे. दोन्ही नियम पाळणाऱ्याला या दोन वर्तुळांच्या सामाईक भागातच आपले ताट शोधावे लागते.

कायद्याची चिन्हेही हा भेद दाखवतात. पुडक्यावरील हिरवा ठिपका शाकाहाराची खात्री देतो, परंतु त्यात दूध व दुधाचे पदार्थ चालतात. म्हणून भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम केले आणि त्यांना हिरव्या ‘व्ही’चे वेगळे चिन्ह दिले. हे चिन्ह किराणा दुकानात उपयोगी पडते. हॉटेलातल्या ताटाला मात्र असे चिन्ह नसते. तिथे विचारणे हाच उपाय.

जैन ग्रेव्हीत दूध का येते?

इथे एक विरोधाभास आहे आणि तो स्वयंपाकघरात गेल्याशिवाय कळत नाही. हॉटेलातील बहुतेक रस्साभाज्यांना दाटपणा येतो तो परतलेल्या कांद्यामुळे. जैन ग्राहकासाठी कांदा-लसूण काढला की रस्सा पातळ आणि आंबट होतो. तो सावरण्यासाठी आचारी काजूची किंवा मगजबियांची पेस्ट घालतो आणि अनेकदा तिच्या जोडीला मलई, मावा, लोणी किंवा दूध. परिणामी पदार्थ जितका आग्रहाने ‘जैन’ केला जातो, तितके त्यातील दुधाचे प्रमाण वाढण्याची शक्यता असते. ‘जैन करून द्या’ एवढ्याच सूचनेवर विसंबणारा व्हीगन ग्राहक नेमका इथे फसतो.

दुसरी गोष्ट वेळेची. लाल, पांढरी, पिवळी अशा ग्रेव्ह्या सकाळीच मोठ्या पातेल्यांत तयार होतात. ऑर्डर आल्यावर त्यातील दोन पळ्या कढईत पडतात आणि वरून भाजी किंवा पनीर. त्यामुळे जेवताना ‘बटर नको’ असे सांगितले, तर वरचा लोण्याचा गोळा तेवढा टळतो. सकाळी पातेल्यात गेलेले लोणी टळत नाही. नानच्या पिठात दही किंवा दूध असते. बिर्याणीच्या भातात तूप व दही येते. इडली-डोशासोबतच्या खोबऱ्याच्या चटणीत कधी कधी दही मिसळलेले असते. बेकरीच्या पावात दुधाची भुकटी असू शकते. उपम्याला आणि साबुदाण्याच्या खिचडीला पुष्कळ ठिकाणी तुपाची फोडणी असते.

याचा व्यावहारिक अर्थ सोपा आहे. आधी तयार करून ठेवलेल्या रश्श्यापेक्षा ऑर्डरनंतर कढईत पडणारा पदार्थ निवडावा. साधी शिजवलेली डाळ घेऊन तिला तेलाची, जिरे-मोहरी-हिंगाची फोडणी द्यायला कोणत्याही आचाऱ्याला पाच मिनिटे पुरतात. तेलावर परतलेली भेंडी, फ्लॉवर-मटार, कोबी, सिमला मिरची अशी सुकी भाजी, कणकेची तंदुरी रोटी बटर न लावता आणि साधा भात: एवढ्यात दोन्ही नियम सांभाळणारे पूर्ण जेवण होते.

रसत्याग नवा नाही

दुधाशिवायचे जेवण जैन घराला खरे तर अपरिचित नाही. चैत्र आणि आश्विनातील नवपद ओळीच्या नऊ दिवसांत आयंबिल करणारे साधक दिवसातून एकदाच, दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर यांच्याविना शिजवलेले धान्य आणि कडधान्य घेतात. दूध, दही, तूप यांना ‘विगई’ म्हणजे विकृती मानण्याची श्वेतांबर परंपरा आहे. दिगंबर परंपरेत रसपरित्याग हे सहा बाह्य तपांपैकी एक असून दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ या रसांपैकी एक वा अनेक सोडण्याची प्रथा आजही अनेक घरांत चालते. ‘दुधाशिवाय माणूस जेवणार तरी काय?’ असे व्हीगन नातीला विचारणाऱ्या आजींनीच आयुष्यात अनेकदा त्याचे उत्तर स्वतःच्या ताटातून दिलेले असते.

हेतू मात्र एक नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागते. आयंबिलात त्याग आहे तो रसनेच्या जयासाठी, कर्मनिर्जरेसाठी. आणि तो ठरावीक दिवसांचा. व्हीगन व्यक्तीचा त्याग आहे तो गायी-म्हशींच्या स्थितीकडे पाहून, आणि तो रोजचा. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अति भार लादणे आणि अन्नपाणी अडवणे. वासराला त्याच्या वाट्याच्या दुधापासून दूर ठेवणे यातील पाचव्या अतिचारात मोडत नाही का, असा प्रश्न आजची तरुण पिढी विचारते. १९७० नंतर पाश्चात्त्य देशांत जैन विचार नेणाऱ्या चित्रभानूजींनीही दूध सोडण्याचा पुरस्कार केला होता. समाजात याविषयी एकमत नाही आणि दूध घेणारे श्रावक धर्माबाहेर गेले असे कोणीही म्हणणार नाही. पण हा प्रश्न परका आहे, विलायती फॅशन आहे, असे म्हणून तो बाजूला सारता येत नाही.

भाकरीचे ताट

पनीर-बटरच्या मेन्यूकार्डातून बाहेर पडून मराठी ताटाकडे पाहिले, तर अडचण निम्म्याने कमी होते. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदळाची भाकरी मुळातच दुधातुपाविना होते. पिठले, झुणका, मटकीची किंवा मुगाची उसळ, आमटी, शेंगदाण्याची चटणी, सोलकढी या साऱ्यांचा आधार तेल, शेंगदाणा, खोबरे आणि कोकम. सोलकढीतील दूध हे नारळाचे असते, ही गोष्ट नव्याने व्हीगन झालेल्यांना विशेष आनंद देते. मात्र सोलकढीत लसूण असण्याची शक्यता असते, पिठल्यात कांदा असतो आणि मिसळीच्या रश्श्याचा तर जीवच कांदा-लसणात. म्हणून जैन ग्राहकाने इथे उलट बाजूने चौकशी करायची: दुधाची नव्हे, कांदा-लसणाची. भाकरीवर लोणी आणि थालीपिठासोबत लोण्याचा गोळा येतो, तोही आधीच नाकारावा लागतो.

भेळेत कांदा-बटाटा वगळून कुरमुरे, शेव, टोमॅटो, कैरी, चिंच-खजुराची चटणी असा सरळ मार्ग निघतो. पाणीपुरीत बटाट्याऐवजी मूग किंवा वाटाण्याचा रगडा मागता येतो. कच्च्या केळ्याची जैन पावभाजी अनेक ठिकाणी मिळते. ती बटरऐवजी तेलात करायला सांगितली आणि पावाची चौकशी केली, तर तिन्ही नियम एका ताटात येतात. चहाच्या वेळी ‘कोरा’ म्हटले की काम भागते.

सर्वांत अवघड क्षण मात्र थाळीच्या हॉटेलात येतो. वाढपी वाटीतून तुपाची धार धरून उभा असतो. आपल्याकडे भातावरचे तूप हा केवळ पदार्थ नसून माया आहे. आंबेमोहोर भात, साधे वरण, लिंबू आणि तूप यांच्या आठवणीवर पिढ्या वाढल्या आहेत. ‘तूप नको’ म्हटले की वाढप्याला वाटते पथ्य आहे आणि आईला वाटते आपला हात नाकारला. या क्षणी लांब स्पष्टीकरण देण्यापेक्षा ताटावर हात धरून हसून ‘कोरडा फुलका द्या’ म्हणणे बरे. माया घेण्याचे इतर मार्ग टेबलावर भरपूर असतात.

विचारावे कसे?

‘आम्ही व्हीगन आहोत’ या वाक्याचा उपयोग मोठ्या शहरांतल्या काही हॉटेलांत होतो. बाकी ठिकाणी त्याचा अर्थ ‘व्हेज’ असाच लावला जातो. म्हणून शब्दाऐवजी जिन्नस सांगावेत: ‘दूध, दही, ताक, तूप, लोणी, पनीर, मलई, मावा यांतले काहीही नको, फोडणी तेलाची द्या. कांदा, लसूण, बटाटा, आले, गाजर नको.’ ही सूचना दोन भागांत आणि सावकाश द्यावी. शक्य असल्यास ती चिठ्ठीवर लिहून थेट आचाऱ्यापर्यंत पोचवावी. कुटुंब मोठे असेल तर दुपारी तीन ते पाचच्या निवांत वेळेत फोन करून ठेवणे उत्तम. त्या वेळी आचारी ऐकून घेऊ शकतो, रविवारी रात्री साडेआठला नाही.

दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना २०२० च्या नियमांनुसार मेन्यूत ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची माहिती द्यावी लागते आणि त्या यादीत दूध आहे. अशा ठिकाणी ती यादी मागण्यास संकोच करू नये.

वेळेचाही विचार हवा. पुण्यात डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, जूनच्या अखेरीस सव्वासातच्या सुमारास. बहुतेक हॉटेलांचे रात्रीचे स्वयंपाकघर सातच्या आसपास सुरू होते. आजींना सोबत न्यायचे असेल, तर दुपारचे जेवण हाच सर्वांना सामावणारा पर्याय. संध्याकाळी पाचला दाक्षिणात्य उपाहारगृहे उघडी असतात, पण तिथले पीठ रात्रभर आंबवलेले असल्यामुळे कडक नियम पाळणाऱ्या ज्येष्ठांना ते चालत नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे.

आरोग्याबाबत एक सूचना आवश्यक आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून भरवशाने मिळत नाही. दूध पूर्ण सोडणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याची तपासणी आणि पूरक मात्रा चालू ठेवावी. नाचणी आणि तीळ यांतून कॅल्शियमची गरज काही अंशी भागवता येते.

वाणीची अहिंसा

तीन नियमांच्या टेबलावर खरी परीक्षा आचाऱ्याची नसून बसणाऱ्यांची असते. व्हीगन तरुणाने वडिलांच्या पनीरकडे पाहून वासराची कथा सुरू केली, किंवा काकांनी ‘मग श्वास तरी कशाला घेतेस?’ असा टोमणा मारला, तर ताटातील अहिंसा जिभेवर हरते. भाषासमितीचा उपदेश साधूंसाठी सांगितला असला, तरी रविवारच्या जेवणात तो श्रावकालाही उपयोगी आहे. व्हीगन सोसायटीच्या स्वतःच्या व्याख्येतही शक्य आणि व्यवहार्य असेल तिथवर, अशी मर्यादा मान्य केलेली आहे. महाव्रत आणि अणुव्रत यांतील भेद जाणणाऱ्या समाजाला ही मर्यादा समजावून सांगावी लागत नाही.

काही कुटुंबांनी यावर साधा उपाय शोधता येईल: टेबलाच्या मध्यभागी येणारे पदार्थ सर्वांत कडक नियमाचे मागवायचे. तेलाच्या फोडणीची डाळ, दुधाविना आणि कंदमुळांविना केलेली सुकी भाजी, कोरडी रोटी, साधा भात. ज्याला पनीर हवे त्याने ते आपल्या वाटीत घ्यावे. मग नातीला वेगळे ताट मागावे लागत नाही, आजींना काय चालते ते पुन्हा पुन्हा सांगावे लागत नाही आणि मधल्या भांड्यातली डाळ सगळेच वाढून घेतात.