सहा घरांचा मासा

फीबासला पकडणं मुळीच अवघड नाही. पोकेमॉनच्या खेळात प्रत्येक प्राण्याला ‘हा पकडायला किती सोपा’ हे सांगणारा एक आकडा असतो. फीबासचा आकडा आहे २५५, म्हणजे शक्य तेवढा जास्तीत जास्त. अवघड आहे ते त्याची गाठ पडणं. मातकट रंगाचा, फाटक्या परांचा हा मासा ‘रूबी’ आणि ‘सफायर’ या खेळांतून पहिल्यांदा आला. गेमबॉय अॅडव्हान्सवरचे हे खेळ नोव्हेंबर २००२ मध्ये जपानात निघाले. त्यातल्या होएन प्रदेशात फीबास राहतो फक्त एका नदीत, आणि त्या नदीतही फक्त सहा जागी.

आपल्याकडच्या मुलांना पोकेमॉन भेटला तो बहुधा कार्टून नेटवर्कवर. गेमबॉय फार थोड्या घरांत होता. अनेकांनी हे खेळ पुढे संगणकावर एम्युलेटर चढवून खेळले. त्यातल्या कित्येकांनी खेळ संपवला, तरी फीबास पाहिला नाही. त्यांचं नशीब वाईट नव्हतं. ती नदी कशी मांडली आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

४४७ पैकी सहा

फोर्ट्री गावाकडे जाणारा रूट ११९ हा लांबलचक, पावसाळी रस्ता. उंच गवत, हवामान संस्था, धबधबा आणि सोबतीला वाहणारी नदी. खेळातला नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा घराघरांचा असतो. या नदीत गळ टाकण्याजोगी ४४७ घरं खेळ मोजतो आणि त्यातली सहा फीबासला देतो. सोडतीत एकच घर दोनदा निघालं, तर सहापेक्षाही कमी. या घरांत गळाला काही लागलं, तर ते फीबास असण्याची शक्यता निम्मी. उरलेल्या घरांत ती शून्य.

हे शून्य महत्त्वाचं. इतर दुर्मिळ पोकेमॉनची गोष्ट वेगळी असते. शंभरात एकदा दिसणारा प्राणी त्याच्या गवतात कुठेही दिसू शकतो, त्यामुळे एकाच जागी येरझारा घालणाऱ्यालाही आशा असते. मात्र शंभर भेटी होऊनही तो न दिसण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते, आणि कुठे थांबावं हे कुणी सांगू शकत नाही. फीबासचं नेमकं उलट. चुकीच्या घरात हजार वेळा गळ टाकला तरी हाती काही येणार नाही. घरं बदलत, नोंद ठेवत गेलात, तर मात्र शोधाला शेवट आहे. इथे नुसती चिकाटी हरते आणि पद्धत जिंकते.

ड्यूफर्डची टूम

ही सहा घरं ठरवतो कोण? उत्तर नदीपासून खूप दूर, ड्यूफर्ड या बेटावरच्या गावात आहे. तिथे एक मुलगा गावात सध्या कोणत्या शब्दांची टूम आहे ते सांगतो आणि आपल्याला नवी जोडी सुचवायला लावतो. सुचवलेली जोडी चालली, तर सगळा गाव तीच बोलू लागतो. हा प्रकार निव्वळ गंमत वाटतो. पण प्रत्येक जोडीला खेळानं आतून एक आकडा चिकटवलेला असतो. पहिल्या क्रमांकाच्या जोडीच्या आकड्यातूनच फीबासची घरं निघतात. टूम बदलली की घरं बदलली. दिवस सरतील तशी ती आपोआपही बदलू शकते.

म्हणून नदीवर जाण्याआधी ड्यूफर्डमध्ये डोकावून चालू जोडी लिहून घ्यावी, आणि शोध संपेपर्यंत त्या मुलाला काहीही शिकवू नये. अर्ध्यावर टूम बदलली, तर वहीतल्या सगळ्या फुल्या रद्द. खेळातला पहिला साधा गळही याच ड्यूफर्डमध्ये एका कोळ्याकडून मिळतो.

शोधायचा कसा

गळ कोणताही चालतो. पाण्यावरून फिरण्यासाठी पोकेमॉनला शिकवलेली ‘सर्फ’ ही चाल लागते आणि धबधब्याच्या वरच्या पाण्यासाठी ‘वॉटरफॉल’. नदीचा नकाशा चौकटीच्या कागदावर उतरवावा आणि एका टोकापासून ओळीनं निघावं. एका घरात किती वेळ थांबायचं, याचं गणित सोपं आहे. योग्य घरात तीनदा मासा लागला, तर त्यात निदान एक फीबास असण्याची शक्यता ८७.५ टक्के, पाचदा लागला, तर जवळजवळ ९७. रिकामा गेलेला गळ मोजायचा नाही. तीनदा मॅजिकार्प, टेंटाकूल किंवा कारवाना निघाला की फुली मारून पुढे.

सहा घरं वेगवेगळी असतील, तर पहिलं घर सरासरी ६४ व्या प्रयत्नाच्या आसपास लागतं. फीबास दिसला की तिथून हलू नये. त्याच घरात तो पुन्हापुन्हा मिळतो आणि आपल्याला निवड करता येते.

सापडल्यावर

निवड कसली, हे कळायला या माशाचा पुढचा प्रवास पाहावा लागतो. फीबासच्या सहा गुणांची बेरीज २००, बरोबर मॅजिकार्पइतकी. मॅजिकार्प विसाव्या पातळीवर गॅरडॉस होतो आणि बेरीज ५४०वर जाते. फीबासचा मिलोटिक होतो, बेरीज तीच ५४०; पण नुसती पातळी वाढवून काही होत नाही. त्याचं ‘सौंदर्य’ १७० पर्यंत न्यावं लागतं, आणि त्यानंतर एक पातळी चढली की तो बदलतो.

सौंदर्य वाढतं ते पोकेब्लॉक नावाच्या वड्या खाऊन. फळं मिश्रणयंत्रात घालायची, फिरता काटा आपल्या खुणेवर आला की बटण दाबायचं. सौंदर्यासाठी निळी, तुरट वडी हवी. चेस्टोसारख्या तुरट फळांपासून सुरुवात होते, पण दुर्मिळ फळांच्या वड्या कितीतरी सरस. मेख अशी की प्रत्येक वडीनं पोटही भरतं. पोटाचा आकडा २५५ ला टेकला की तो मासा पुन्हा वडीला तोंड लावत नाही. हलक्या वड्या चारून पोट भरलं आणि सौंदर्य १७० च्या आत राहिलं, तर या खेळात तो फीबास कायमचा फीबासच. केबलनं चार जणांनी मिळून केलेली वडी पोट कमी भरते, म्हणून मित्र जमवणं फायद्याचं.

इथे प्रत्येक पोकेमॉनला मिळालेला स्वभाव कामी येतो, आणि नदीवरची निवड ती याचीच. मॉडेस्ट, माइल्ड, रॅश आणि क्वाएट स्वभावाच्या माशांना तुरट आवडतं. त्यांच्यावर वडीचा परिणाम दहा टक्के जास्त होतो. अॅडमंट, इम्पिश, केअरफुल, जॉली यांना ते नावडतं. नदीत हवा तो स्वभाव मिळाला नाही, तरी बिघडत नाही: डेकेअरमध्ये अंडी घालवून घेता येतात आणि पिल्लांत तो स्वभाव शोधता येतो.

मिलोटिक कामाला

मिलोटिक म्हणजे नुसती शोभा नव्हे. विशेष हल्ल्यांपासून बचावाचा त्याचा आकडा १२५ आहे, आणि ‘रिकव्हर’नं तो निम्मी ताकद परत मिळवतो. विष, भाजणं किंवा लकवा झाला, तर ‘मार्व्हल स्केल’मुळे साध्या हल्ल्यांपासूनचा बचाव दीडपट होतो. त्याला जास्त बाधतात ते फक्त वनस्पती आणि वीज या प्रकारांचे हल्ले. ‘सर्फ’सोबत ‘आइस बीम’ शिकवलं की वनस्पतींचाही बंदोबस्त होतो. ‘रूबी-सफायर’मध्ये आठव्या जिमचा प्रमुख असलेला आणि २००४ च्या ‘एमराल्ड’मध्ये विजेतेपदावर बसलेला वॉलेस याच मिलोटिकवर भिस्त ठेवतो.

पुढच्या खेळांत

२००६ च्या ‘डायमंड-पर्ल’मध्ये फीबास माउंट कोरोनेटच्या पोटातल्या तळ्यात गेला: फक्त चार घरं, तीही रोज बदलणारी. २०१० च्या ‘ब्लॅक-व्हाइट’पासून सौंदर्याची कटकट टळली. ‘प्रिझम स्केल’ हाती देऊन मित्राशी अदलाबदल केली की मिलोटिक तयार. डिसेंबर २०१६ मध्ये भारतात अधिकृतपणे आलेल्या ‘पोकेमॉन गो’मध्ये १०० कँडी लागतात आणि फीबासला सोबती करून २० किलोमीटर चालावं लागतं.

अटी बदलल्या, सौम्य झाल्या, पण त्यांचं स्वरूप टिकलं. घरं मोजता येतात, वड्या मोजता येतात, किलोमीटरही मोजता येतात. लाखात एकदा दिसणारे प्राणी पोकेमॉनमध्ये पुष्कळ असतील; ते ज्याला मिळतात त्याला मिळतात. फीबास मात्र हिशेब ठेवणाऱ्या कुणालाही मिळतो, आणि त्याचा मिलोटिक झाला की त्याचं श्रेय नशिबाला द्यावं लागत नाही.