विश्लेषण : ‘पोक्सो’ खटल्यात एकट्या मुलाची साक्ष पुरेशी ठरते का?

घटना पाहणारे कोणी नाही, वैद्यकीय अहवालात जखम नाही आणि मूल आठवडाभराने बोलले. ‘पुरावाच नाही, तक्रार टिकणार कशी?’ हा पालकांना पडणारा पहिला प्रश्न. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा ‘पोक्सो’ कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अशा खटल्यात न्यायालय नेमके काय तपासते?

एकट्या मुलाची साक्ष चालते?
चालते. साक्षीदारासाठी कायद्यात किमान वय नाही. मुलाला प्रश्न समजतो का आणि सुसंगत उत्तर देता येते का, हे न्यायाधीश आधी साधे प्रश्न विचारून पाहतात. साक्ष विश्वासार्ह असेल तर केवळ तिच्या आधारे शिक्षा होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात १९९७ मध्ये स्पष्ट केले. इतर पुराव्याचा दुजोरा मागणे ही सावधगिरी आहे, सक्ती नाही.

मग खटला कुठे अडतो?
बहुतेकदा ‘मुलाला पढवले’ या बचावावर. पोलिसांसमोरचा जबाब, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब आणि न्यायालयातील साक्ष ताडून पाहिली जाते. तारीख किंवा वेळ चुकली तर सहसा बिघडत नाही; पण मूळ घटनाच प्रत्येक वेळी बदलली, तर संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. पढवल्याचा नुसता आरोप मात्र पुरत नाही. साक्षीचा पढवलेला भाग वेगळा काढता आला, तर उरलेल्या भागावर विसंबता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये एका खून खटल्यात म्हटले. त्यात साक्षीदार सात वर्षांची मुलगी होती.

जखम नसेल, तक्रार उशिरा असेल तर?
अनेक प्रकारच्या अत्याचारांत शरीरावर खूण राहत नाही. त्यामुळे जखम नाही म्हणजे गुन्हा घडला नाही, असे न्यायालये मानत नाहीत. भीती किंवा बदनामीच्या धास्तीने झालेला उशीरही समजून घेतला जातो. मात्र त्याचे कारण पटले पाहिजे.

वयाचा दाखला इतका महत्त्वाचा का?
पीडित व्यक्ती १८ वर्षांखालील असल्याचे सिद्ध झाले नाही, तर ‘पोक्सो’ लागूच होत नाही. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी, असा क्रम आहे. केवळ शाळा बदलल्याच्या दाखल्यावरून ठरवलेले वय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका प्रकरणात अमान्य केले.

आरोपीनेच निर्दोषत्व सिद्ध करायचे?
कलम २९ नुसार लैंगिक हल्ल्याच्या गुन्ह्यांत आरोपीने गुन्हा केला, असे न्यायालय गृहीत धरते. पण मुलाचे वय आणि घटना यांसारख्या पायाभूत बाबी आधी सरकारी पक्षाने मांडाव्या लागतात, असे मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी म्हटले आहे. त्यानंतरही आरोपी उलटतपासणीतून किंवा स्वतःचे पुरावे देऊन हे गृहीतक खोडू शकतो.

मुलाला आरोपीसमोर उभे राहावे लागते?
नाही. साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेस पडू नये, यासाठी पडदा किंवा व्हिडीओचा वापर होतो. सुनावणी बंद दालनात, पालक किंवा विश्वासातील व्यक्तीसमोर होते. वकिलांनी मुलाला थेट प्रश्न विचारायचे नसतात; ते न्यायाधीशांमार्फत विचारले जातात. दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात खटला पूर्ण व्हावा, अशी तरतूद आहे.

पालकांनी काय करावे?
- मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत ऐका. खोदून विचारू नका, शब्द सुचवू नका. काळजीपोटी केलेली हीच ‘तयारी’ पुढे उलटतपासणीत अंगाशी येते.
- घटनेवेळचे कपडे धुऊ नका. फोनमधील मेसेज पुसू नका.
- जन्मदाखला आणि शाळेचा दाखला जवळ ठेवा.
- जबाब घरी घेण्याची मागणी करता येते. तो घेणारे पोलीस गणवेशात नसावेत, असा नियम आहे.
- मदतीसाठी चाइल्ड हेल्पलाइन १०९८ वर फोन करा.